मजुरीचा रकाना



मला गाडी चालवता येत नाही, आणि शिकावीशीही कधी वाटली नाही. तरी ‘व्हीलर डीलर्स’ ही जुन्या गाड्या दुरुस्त करण्याची ब्रिटिश मालिका मी मिळेल तेव्हा, मिळेल तो भाग बघत आले आहे. घरच्यांना याचं फार नवल. "तुला त्यातलं काय कळतं?" हा प्रश्न इतक्यांदा झालाय की म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. मी ती मालिका इतिहासाचा तास म्हणून बघते. आणि त्या तासात एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे, तीही सांगायची आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिका २००३ साली डिस्कव्हरीवर सुरू झाली. माणसं दोन. माइक ब्रूअर हा बोलका, गोडबोल्या सौदागर. तो कुठूनतरी जुनी, दमलेली गाडी घासाघीस करून स्वस्तात आणतो. दुसरा एड चायना, साडेसहा फुटांचा उंच मेकॅनिक, हातात नारिंगी हातमोजे. तो ती गाडी उघडतो, काय बिघडलंय ते दाखवतो आणि दुरुस्त करतो. (दोघंही माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, म्हणून एकेरी. राग नसावा.) मग माइक ती विकतो. शेवटी पडद्यावर हिशोब येतो. गाडी इतक्याला घेतली, सुटे भाग इतक्याचे, बाहेरून रंगकाम करून घेतलं असेल तर त्याचे इतके, विकली इतक्याला, नफा इतका. दोघं खूश, भाग संपला.

या हिशोबात एडची मजुरी कुठे आहे?

नाही. बाहेरच्या रंगाऱ्याचं बिल धरलेलं असतं, पण एडने गाडीखाली आडवं पडून घालवलेल्या तासांची किंमत शून्य. ही गोष्ट काही मी शोधून काढलेली नाही. मालिकेचे प्रेक्षक वर्षानुवर्षं यावर विनोद करत आले आहेत. कोणी म्हणेल, टीव्हीचा कार्यक्रम आहे, त्याला वाहिनीकडून मानधन मिळतच असेल. मिळत असणारच. पण पडद्यावरचा हिशोब बघून एखाद्याला वाटेल की जुनी गाडी घ्या, पाचसातशे पौंडांचे भाग घाला आणि नफा खिशात टाका! दर तासाला गॅरेजवाला जे पैसे मागतो ते धरले, तर त्यातल्या किती गाड्या तोट्यात गेल्या असत्या ते तुम्हीच बघा. मुलांच्या गणितात एक रकाना राहिला की सगळं उत्तर चुकतं. इथे तो रकाना आखलेलाच नाही.

आता इतिहासाकडे येते. शाळेत औद्योगिक क्रांती शिकवताना पुस्तकात वॅटचं वाफेचं इंजिन असायचं, सूतगिरण्या असायच्या, इंग्लंडची भरभराट असायची. त्या भरभराटीचं पुढे काय झालं, याला अभ्यासक्रमात जागा नव्हती. ते मला या मालिकेने आणि तिच्या नादाने केलेल्या वाचनाने शिकवलं. वस्तू सुटी केली की ती कोणी, कशी, कुठल्या घाईत बनवली ते आतून दिसतं. वरचा रंग खोटं बोलू शकतो. आपल्याकडे पेंटर जिला लांबी म्हणतात ती भरून, घासून, वर रंग मारला की गंजाची भोकं दिसत नाहीत. पण पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की आवाज बदलतो!

मॉरिस मायनर ही गाडी घ्या. १९४८ साली आली, अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने आखलेली. गाडी तयार होत आली तेव्हा त्याला वाटलं, ही फार अरुंद दिसतेय. म्हणून त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे थोडे थोडे दूर सरकवून बघितले आणि ४ इंचांवर थांबला. तोवर बंपर बनून आले होते. ते टाकून कसे द्यायचे? तेही मध्ये कापले आणि ४ इंचांची पट्टी घालून जोडले. मायनरच्या बॉनेटवर मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती त्या चार इंचांची खूण. पुढे या गाड्या सोळा लाखांहून जास्त खपल्या. मला विचाराल तर युद्धानंतरच्या ब्रिटनचं याहून चांगलं चित्र नाही. हातात पैसा नाही, पत्रा रेशनवर, पण कापून-जोडून काम पुढे नेण्याची उमेद आहे. १९५० साली जगात निर्यात होणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास ब्रिटिश होत्या, हे आज सांगून खरं वाटत नाही. आपल्या रस्त्यांवरही तोच काळ पुढे कित्येक वर्षं धावत होता. अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिकडे ती कधीच इतिहासजमा झाली, इकडे कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला तिचं उत्पादन २०१४ पर्यंत चाललं.

याच इसिगोनिसची पुढची गाडी म्हणजे मिनी, १९५९ सालची. इंजिन आडवं ठेवायचं, चाकं चार कोपऱ्यांत ढकलायची आणि दहा फुटांच्या डबीत चार माणसं बसवायची, ही कल्पना खरोखर अफाट होती. आज जगातल्या बहुतेक लहान गाड्यांची इंजिनं तशीच आडवी असतात. पण तिच्याही पोटात शिरून बघा. पत्र्याचे जोड बाहेरच्या बाजूला उघडे ठेवलेले, कारण तसं केलं की वेल्डिंग सोपं आणि स्वस्त. आणि पहिल्या काही महिन्यांच्या गाड्यांत जमिनीचे दोन पत्रे एकमेकांवर उलट्या बाजूने चढवलेले! पावसात पाणी थेट सांध्यात शिरायचं आणि पायाखालचे गालिचे भिजायचे. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्याच्या खाली सारलं तर काय होईल, ते कोकणातल्या पोरालाही विचारायला नको.

आणि किंमत? करासकट ४९७ पौंडांच्याही आत. मोटारींच्या इतिहासात एक गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेतली, ती पूर्ण सुटी केली, प्रत्येक भागाला आणि प्रत्येक कामाला किंमत लावली आणि निष्कर्ष काढला, की ही मंडळी दर गाडीमागे सुमारे ३० पौंड स्वतःच्या खिशातून घालताहेत. बनवणाऱ्या कंपनीला हे मान्य नव्हतं. पण लाखांनी खपणारी गाडी असूनही कंपनीच्या तिजोरीत फारसं काही साठलं नाही, हे तर दिसलंच. इथेही हिशोबाचा कुठलातरी रकाना नीट भरलेला नव्हता असं मला वाटतं.

पण माझी सगळ्यात आवडती (आवडती म्हणजे शिकवायला आवडली असती अशी!) गोष्ट ट्रायम्फ स्टॅगची. ही मालिकेत आलेली आहे. दिसायला राजबिंडी, जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने आखलेली. आपल्याकडे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड आठवते? तिचाही आराखडा त्याचाच. तर ही स्टॅग १९७० साली बाजारात आली आणि उन्हाळ्यात इंजिन तापून रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. का, ते इंजिन उघडलं की कळतं. पाणी फिरवणारा पंप इंजिनाच्या माथ्यावर बसवलेला. पाणी जरा कमी झालं की पहिला कोरडा पडणार तो पंपच. वर खालचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पाण्यात योग्य रसायन घातलं नाही तर आतून गंज आणि गाळ सुटतो आणि रेडिएटरच्या नळ्या बुजवतो. ओतकामाची वाळूही काही ब्लॉकमध्ये तशीच राहून गेलेली असायची.

यातली खरी मेख पुढे आहे. १९६८ साली ब्रिटनमधल्या बहुतेक देशी मोटार कंपन्या एकाच छत्राखाली आणल्या गेल्या, ब्रिटिश लेलँड नावाने. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, जॅग्वार, ट्रायम्फ, रोव्हर, सगळे एका घरात. त्यातल्या रोव्हरकडे एक उत्तम, हलकं, भरवशाचं व्ही-८ इंजिन तयार होतं. मूळचं अमेरिकन ब्युइकचं, हक्क विकत घेतलेले. म्हणजे शेजारच्या खोलीत चांगलं इंजिन असताना ट्रायम्फने आपलं वेगळं, नवं इंजिन स्टॅगला घातलं. ट्रायम्फचं काम घरं एक होण्याआधीच सुरू झालेलं होतं हे खरं. रोव्हरचं इंजिन त्या जागेत बसत नाही, पुरेशी इंजिनं मिळणार नाहीत, अशी कारणंही दिली गेली. पुढे कित्येक मालकांनी वैतागून स्टॅगमध्ये रोव्हरचंच इंजिन बसवलं, आणि ते छान बसलं! एकत्र कुटुंबात दोन जावांच्या दोन चुली असतात तशी ही गत. वरून घर एक, आतून पाणी भरायचे हंडेसुद्धा वेगळे. १९७७ पर्यंत सव्वीस हजारांच्या आत स्टॅग बनल्या आणि तो कारभार संपला. त्याआधीच, १९७५ साली, सरकारला ब्रिटिश लेलँड ताब्यात घ्यावी लागली होती.

या पडझडीचं खापर नेहमी संपांवर फोडलं जातं. संप झाले, खूप झाले, त्याने नुकसानही झालं. पण पंप माथ्यावर बसवायचं कामगारांनी ठरवलं नव्हतं. मिनीची किंमतही त्यांनी ठरवली नव्हती. गाडी सुटी करून बघितली की दोष कागदावर कुठे होता आणि हातात कुठे होता हे वेगळं काढता येतं. म्हणून तर मला ही मालिका पुस्तकांपेक्षा प्रामाणिक वाटते.

मग एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. जुनी मिनी २००० साली थांबली, तेव्हा त्रेपन्न लाखांवर गाड्या बनून झाल्या होत्या. २००५ च्या एप्रिलमध्ये उरलीसुरली एमजी रोव्हर बुडाली आणि लाँगब्रिजच्या कारखान्यातले हजारो लोक घरी बसले. ‘व्हीलर डीलर्स’ सुरू झाली ती २००३ साली, म्हणजे बरोबर या दोन घटनांच्या मध्ये. तारखा जुळल्या म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय. तरी ही जुळणी मला अर्थपूर्ण वाटते. जे हात नव्या गाड्या बनवत होते त्यांना काम उरलं नाही, आणि त्याच गाड्या पुन्हा उभ्या करणारे हात बघायला लोक संध्याकाळी टीव्हीसमोर बसू लागले.

एक चांगलं मात्र झालं. जुने साचे सगळेच भंगारात गेले नाहीत. ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाच्या संस्थेने जुने साचे वापरून १९८८ पासून एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा बनवून विकायला सुरुवात केली. म्हणजे कारखाना बंद होऊन आठ वर्षांनी गाडीचं कोरं शरीर पुन्हा मिळू लागलं. गंजलेल्या गाडीतून इंजिन, चाकं, काचा काढायच्या आणि नव्या सांगाड्यात घालायच्या. मग ती गाडी जुनी की नवी? तिकडच्या शौकिनांत यावर कडाक्याचे वाद होतात. माझं मत विचाराल तर, वाड्याचे वासे बदलले म्हणून वाडा बदलत नाही, पण जोत्यासकट बांधला तर तो वाडा नवा म्हणावा. (यावर आमच्या धाकट्या दिरांचं मत वेगळं असणार, ते मला माहीत आहे.)

आता २०१७ कडे येते. मालिका तोवर अमेरिकेत कॅलिफोर्नियाला हलली होती आणि सूत्रं तिथल्या व्हेलॉसिटी वाहिनीकडे होती. मार्च महिन्यात एडने एक चित्रफीत टाकून जाहीर केलं की तो मालिका सोडतोय. कारण त्याने स्वतःच सांगितलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, वर्कशॉपमध्ये दुरुस्ती जितक्या बारकाईने दाखवली जाते ते चित्रित करायला अवघड जातं, म्हणून ते कमी करावं असं वाहिनीला वाटत होतं. त्याच्या मते मात्र तोच मालिकेचा कणा होता. कामाचा दर्जा खाली आणून राहणं त्याला पटलं नाही.

मला आठवतंय, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते. पडद्यावरच्या हिशोबात ज्याच्या तासांची किंमत चौदा वर्षं शून्य धरली, त्याने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. विनोदच करायचा. पण तेच तास दाखवायचे कमी करा म्हटल्यावर तो उठून गेला. पैसा नाही मोजला तरी चालेल, काम मात्र दिसलं पाहिजे! कारागीर माणसाचं हे असंच असतं. आमच्या शाळेत बाकं दुरुस्त करायला एक सुतार यायचे. मजुरीत घासाघीस केली तर हसून सोडून द्यायचे, पण सांधा न दाखवता बाक उचलून नेलं की नाराज व्हायचे.

चिडलेल्या प्रेक्षकांनी त्या वेळी माइकला नाही नाही ते बोलून घेतलं, धमक्यांपर्यंत मजल गेली. ते मला मुळीच पटलं नाही. एडच्या जागी आलेला अँट अ‍ॅन्स्टेड हाही हाताने गाड्या बांधणारा माणूस आहे. पुढे मालिका ब्रिटनला परतल्यावर आलेला मार्क प्रीस्टली तर मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघात मेकॅनिक होता. दोघांना कमी लेखायचं कारण नाही. माझं मन मात्र जुन्या भागांतच रमतं. तिथे एड एखादा वॉशर बोटात धरून हा इथे का असतो, ते मिनिटभर सांगत राहतो.

मजुरीचा रकाना भरला तर काय होतं याचं एक उदाहरण याच ब्रिटनमध्ये आहे, आणि त्याचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली तेव्हा सुमारे २,१०० पौंडांना मिळत होती. शर्यतीसाठी तिचा अ‍ॅल्युमिनियमचा हलका अवतार १९६३ साली ठरला. अठरा गाड्यांचे क्रमांक राखून ठेवले, प्रत्यक्षात बनल्या बाराच. सहा क्रमांक वहीत कोरे राहिले. पुढे जॅग्वार कंपनी फोर्डकडे गेली आणि २००८ साली लँड रोव्हरसकट टाटांनी ती २३० कोटी डॉलरना घेतली. टाटांच्या काळात, २०१४ साली, कंपनीने ते सहा क्रमांक पुरे करायचं ठरवलं. कॉव्हेंट्रीच्या जुन्या जागेत, जुन्या आराखड्यांवरून, हाताने. एकेका गाडीची किंमत दहा लाख पौंडांच्या घरात होती.

नाव-कीर्ती, दुर्मिळपणा, हौशी श्रीमंतांची चढाओढ हे सगळं त्या किमतीत आहेच. पण तास न् तास हाताने केलेलं कामही त्यात पुरेपूर धरलंय. एडच्या हिशोबात तेवढ्यापुरतं कोरं सोडलेलं!

जाता जाता, ज्यांना हे आवडेल त्यांनी नॅशनल जिओग्राफिकवर २०१३ साली सुरू झालेली ‘कार एसओएस’ही जरूर बघावी. टिम शॉ आणि फझ टाउन्सेंड हे तिचे कर्तेधर्ते. हा फझ पूर्वी पॉप बँडमध्ये ड्रम वाजवायचा, हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही. त्यात आजारपणाने किंवा आणखी कशाने हतबल झालेल्या माणसाची अंगणात वर्षानुवर्षं पडलेली लाडकी गाडी घरच्यांच्या संगनमताने गुपचूप उचलून आणतात आणि पूर्ण नवी करून परत देतात. मालकाला शेवटपर्यंत पत्ता नसतो. विकायची नसल्यामुळे शेवटी नफ्या-तोट्याचा तक्ता येत नाही. फझ आणि त्याची माणसं मात्र गाडीखाली आडवी पडलेली भरपूर दिसतात. त्यातला ट्रायम्फ किंवा मिनीचा भाग लागला की मला फोन करत जा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी चालेल.